मुंबईतली जर्मन शाळा आणि आपली मुले

(संस्थेच्या कल्याण येथील पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते बी. ए., बी. एड. असून उर्दू माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मराठी व इतिहास हे विषय शिकवतात.)



संयोजकांनी मला परदेशातील शिक्षणावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी थोडा संकोचलो. मी परदेश पाहिलेला नाही. माझ्याजवळ पासपोर्ट आहे, पण त्याची सर्व पाने कोरी आहेत. तथापि एक परदेशी शाळा मी पाहिली आहे, निदान तिचे फाटक तरी पाहिले आहे. ती कल्याणहून दोन तासांच्या वाटेवर, मुंबईत ब्रीच कँडीच्या समुद्राजवळ होती. जर्मन लोकांनी आपल्या मुलांसाठी परक्या देशात, म्हणजे आपल्या देशात, आपल्या भाषेत चालविलेली ती शाळा. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे, आणि तिच्या निमित्ताने तुमच्या-माझ्या घरातील एका प्रश्नाविषयी.

माझे अब्बा मोटारचालक होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाना असलेल्या एका परदेशी कंपनीच्या जर्मन साहेबांची गाडी ते चालवीत. साहेब राहावयास मुंबईत. त्यामुळे अब्बा पहाटेच्या लोकलने कल्याणहून निघत, दादरला गाडी बदलत, साहेबांच्या मुलीला शाळेत सोडत आणि मग साहेबांना घेऊन पुन्हा आपल्या ठाण्याकडेच येत. या उलट्या प्रवासाची आमच्या मोहल्ल्यात थट्टा होई. अब्बांना त्या कुटुंबाकडून दोन-चार जर्मन शब्द मिळाले होते. गाडी जोरात गेली की मेमसाहेब मागून म्हणत, "लांगझाम!" म्हणजे सावकाश. आमच्या घरी अजूनही कोणी घाईघाईने जेवू लागले की अब्बा "लांगझाम" म्हणतात. माझ्या मुलीला तो शब्द आमच्याच बोलीतला वाटतो.

त्या शाळेच्या दोन गोष्टी अब्बा फार रंगवून सांगत. पहिली, प्रवेशाच्या दिवसाची. पहिलीत जाणारे प्रत्येक मूल हातात आपल्याएवढा उंच, रंगीत कागदाचा शंकू घेऊन आले होते. अब्बांना वाटले, आत कोणाचे लग्न असावे. मग कळले की त्यात खाऊ, पेन्सिली, खेळणी असतात. मुलाचा शाळेतला पहिला दिवस गोड व्हावा म्हणून असा शंकू देण्याची जर्मनीत जुनी चाल आहे. दुसरी गोष्ट गुणांची. एके दिवशी मुलगी गाडीत बसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "ड्रायव्हर अंकल, गणित में एक मिला." अब्बांना वाईट वाटले. त्यांनी वाटेत गाडी थांबवून तिला शेंगदाण्याची चिक्की घेऊन दिली आणि पुढच्या वेळी जास्त मिळतील अशी समजूत घातली. घरी पोहोचल्यावर मेमसाहेब हसून हसून बेजार झाल्या. जर्मन शाळेत एक म्हणजे सर्वांत उत्तम आणि सहा म्हणजे नापास!

मी सात-आठ वर्षांचा असताना सुटीत एकदा अब्बांबरोबर गेलो. गाडीत पुढच्या सीटवर बसून फाटकाकडे पाहत होतो. मुले बाहेर आली. गोरी मुले, पाठीवर मोठी दप्तरे. ती एकमेकांशी भांडत होती, ओरडत होती, आणि त्यातले एक अक्षरही इंग्रजी नव्हते. तुम्हाला हसू येईल, पण मला तो धक्का होता. तोपर्यंत माझी समजूत अशी की, माणूस मोठा झाला की इंग्रजी बोलतो आणि गोरा माणूस तर जन्मतःच इंग्रजी बोलतो. मी अब्बांना विचारले, "यांना इंग्रजी येत नाही?" अब्बा म्हणाले, "येते ना. साहेब ऑफिसात इंग्रजीच बोलतो. पण हे घरचे आहे."

पालकहो, पुढे शिक्षक झाल्यावर मी या शाळेची माहिती काढली. १९६१ साली मुंबईतील जर्मन कुटुंबांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. नाव होते 'डॉइच शुले बॉम्बे', म्हणजे बॉम्बेची जर्मन शाळा. त्या काळात आपल्याच परिसरात जर्मन कंपन्या आल्या होत्या. कळव्याला सीमेन्स, कोलशेत रस्त्यावर बायर, मुलुंडला होएक्स्ट ही नावे तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना पाठ आहेत, कारण तुमच्या घरातले कोणी ना कोणी तिथे फिटर, पॅकर किंवा कँटीनला होते. अशा कंपन्यांमुळे जी जर्मन कुटुंबे मुंबईत राहावयास आली, त्यांच्यापुढे मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला. मुंबईत तेव्हा नामांकित इंग्रजी शाळांची वाण नव्हती. ज्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून आपल्याकडचे श्रीमंत लोक वशिले लावत, तिथे या साहेबांच्या मुलांना कदाचित सहज जागा मिळाली असती. तरीही त्यांनी स्वतःची शाळा काढली.

का काढली? भाषेचा अभिमान म्हणून, असे उत्तर लगेच सुचते आणि सभेत टाळ्याही मिळवते. पण मला तसे वाटत नाही. मुख्य कारण व्यवहाराचे होते. नोकरीची तीन-चार वर्षे संपली की कुटुंब मायदेशी परतणार. तिथे मूल पुढच्या इयत्तेत नीट बसले पाहिजे. मुंबईत शिकलेले गणित हाम्बुर्गमध्ये चालले पाहिजे. म्हणून अभ्यासक्रम मायदेशाचा, भाषा मायदेशाची. शाळा म्हणजे त्यांच्या मुलांसाठी परतीच्या वाटेवरचा पूल होता.

अशा शाळा जगभर आहेत. जर्मन सरकारची मान्यता आणि मदत असलेल्या परदेशी शाळांची संख्या सुमारे १४० आहे. कोपनहेगनची सांक्ट पेट्री शाळा तर १५७५ सालची, म्हणजे आपल्याकडे अकबर बादशहा होता तेव्हाची! या शाळांना मदत करण्यासाठी जर्मनीत १९६८ पासून एक मध्यवर्ती कार्यालय आहे. ते शिक्षक पाठविते, पैसा देते, परीक्षांवर देखरेख ठेवते. पण, आणि हा भाग मी मुद्दाम सावकाश सांगतो, या शाळा बहुतांशी सरकारच्या मालकीच्या नसतात. त्या 'शुलफेराइन' नावाच्या संस्था चालवितात. शुलफेराइन म्हणजे शाळेचे मंडळ. त्याचे सभासद बहुधा पालक. सभासद आपल्यातून कार्यकारिणी निवडतात. ती इमारतीचे भाडे, फी, नेमणुका, छप्पर गळते का, हे सर्व पाहते. साहेब कंपनीत कितीही मोठा असो, शाळेच्या सभेत त्याला छपराविषयी बोलावे लागते.

आता मागच्या रांगेतून कोणी म्हणेल, सर, त्यांच्या खिशात पैसा होता, फी कंपनी भरीत होती. खरे आहे. मी ते लपवीत नाही. पण १८७४ साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली तेव्हा समाजाच्या खिशात काय होते? आपल्या या जिल्ह्यातल्या उर्दू शाळांच्या जुन्या देणगी-पावत्या कधी पाहा. त्यांवर पाच रुपये, दोन रुपये, एक पोते तांदूळ अशा नोंदी सापडतील. माझ्या आजोबांच्या नावाची अशी एक पावती आमच्या घरी आहे, अडीच रुपयांची. ते स्वतः सही करू शकत नव्हते. अंगठा आहे.

त्या अडीच रुपयांच्या माणसाचा नातू आज शिक्षक आहे आणि त्याच्या वर्गात पालक येत नाहीत, ही माझी तक्रार आहे. गेल्या सहामाहीत मी आठवीच्या बावन्न पालकांना निरोप पाठविला. अकरा आले. त्यांपैकी नऊ माता होत्या. त्यांपैकी दोघींनी मला विचारले की, मुलाला पुढल्या वर्षी इंग्रजी माध्यमात घालू का. बाकीच्यांनी ते न विचारताच ठरविलेले असावे.

तेव्हा माध्यमाच्या प्रश्नाकडे वळू या. हा प्रश्न आपल्याकडे तावातावाने बोलला जातो आणि गुपचूप सोडविला जातो. व्यासपीठावर उर्दू, घरी प्रवेश-अर्ज इंग्रजीचा. मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

एक मुलगा सांगतो. नाव सांगणार नाही, तो या सभागृहातही असू शकेल. चौथीपर्यंत उर्दूत शिकला, हुशार होता. पाचवीत त्याला इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेत घातले. घरी इंग्रजी जाणणारे कोणी नाही. शिकवणीवाले प्रश्नोत्तरे लिहून देत आणि तो ती पाठ करी. आठवीत तो परत आमच्याकडे आला. मी विज्ञान शिकवीत नाही, पण एका बदली तासाला सहज विचारले, "फोटोसिंथेसिस म्हणजे काय?" त्याने स्पेलिंग एकदम बिनचूक सांगितले. व्याख्याही इंग्रजीत धडाधड म्हटली. मग मी विचारले, "बरे, झाड जेवते कसे?" तो हसू लागला. "सर, झाड कुठे जेवते?" तीन वर्षे तो त्या शब्दाबरोबर राहिला होता, पण शब्दाच्या आत काय आहे हे त्याला कोणी दाखविले नव्हते. मी खडू घेऊन फळ्यावर पान काढले, सूर्य काढला, पाणी दाखविले. तो म्हणाला, "म्हणजे पान हे त्याचे स्वयंपाकघर." मी त्याला त्या दिवशी जर्मन पद्धतीचा एक गुण दिला असता.

आता कोणी विचारील, मग आपली भाषा कोणती? इथे मला थोडे अप्रिय बोलावे लागेल. भिवंडीच्या ज्या मोमीन कुटुंबांचे पूर्वज उत्तरेकडून मागावर काम करावयास आले, त्यांच्या घरी उर्दू किंवा पूर्वेकडची बोली आहे. पण कल्याणच्या जुन्या मोहल्ल्यांतील आम्ही कोकणी मुसलमान घरी काय बोलतो? चूल पेटविताना, मूल रडताना, मयतीच्या घरी सांत्वन करताना आमच्या तोंडी जी कोकणी येते, ती मराठीच्या कुळातली आहे. उर्दू ही आमची तहजीब आहे, दीनी वाचनाची भाषा आहे, शाळेची आहे, आणि ती मला प्राणाहून प्रिय आहे. परंतु माझी आई मला रागावत असे ती उर्दूत नव्हे. हे आपण मोकळेपणी मान्य केले तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतील. मराठी ही परक्यांची भाषा म्हणून आपण मुलांच्या मनात भिंत घालतो, आणि मग पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत, तलाठ्याच्या परीक्षेत, ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतील फॉर्मवर तेच मूल अडखळते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. सक्ती कायद्याची असते, गोडी मात्र घरून लागते.

आपल्यापैकी ज्यांना असे वाटते की मातृभाषा वगैरे जुन्या गोष्टी आहेत आणि बाहेरचे जग पाहिलेला माणूस असे बोलणार नाही, त्यांना मी डॉक्टर झाकिर हुसेन यांची आठवण करून देतो. १८९७ साली हैदराबादेत जन्मलेला हा माणूस १९२२ मध्ये जर्मनीला गेला आणि १९२६ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतला. बर्लिनमध्ये असताना, १९२५ साली, त्यांनी कावियानी मुद्रणालयातून मिर्झा गालिबच्या उर्दू दिवानाची सुंदर छोटी आवृत्ती छापून घेतली. टाइप जुळविण्याचे कामही स्वतः केले. जर्मनीत जर्मन शिकत असतानाच त्यांनी उर्दूसाठी बोटे काळी केली! परतल्यावर मोठ्या पगाराची जागा त्यांना मिळाली नसती असे नाही. त्यांनी जामिया मिल्लिया हाती घेतली, जी तेव्हा बंद पडण्याच्या बेतात होती. तुटपुंज्या वेतनावर बावीस वर्षे, म्हणजे १९४८ पर्यंत, ते तिचे कुलगुरू राहिले. जर्मनीतून त्यांनी केर्शेनश्टायनर या शिक्षणतज्ज्ञाचा विचार आणला होता की मुलाने हाताने काम करीत शिकावे. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलाविली, तेव्हा अभ्यासक्रमाची रूपरेषा आखणाऱ्या समितीचे अध्यक्षपद झाकिर हुसेन यांच्याकडे आले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मध्यभागी एखादा हस्तव्यवसाय, आणि माध्यम मातृभाषा, ही त्या योजनेची सूत्रे. बर्लिनहून आलेला डॉक्टर वर्ध्याच्या उन्हात बसून मातृभाषेत शिकवा म्हणत होता. पुढे १९६७ साली तो भारताचा राष्ट्रपती झाला.

जामियाच्या गोष्टीत एक जर्मन बाईही आहेत, गेर्डा फिलिप्सबोर्न. बर्लिनच्या ज्यू कुटुंबातल्या. झाकिर हुसेन व त्यांच्या मित्रांची तिथेच त्यांच्याशी ओळख झाली. १९३३ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, त्या जामियात दाखल झाल्या आणि लहान मुलांच्या वसतिगृहाची काळजी घेऊ लागल्या. मुले त्यांना आपाजान म्हणत. महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारने जर्मन म्हणून त्यांना काही काळ स्थानबद्ध केले. १९४३ मध्ये त्या वारल्या आणि जामियाच्याच कबरस्तानात त्यांचे दफन झाले. आपाजानची हकीगत मी दर वर्षी नववीला सांगतो, अभ्यासक्रमात नसली तरी.

ती मी इथे सांगण्याचे कारण आणखी आहे. त्याच हिटलरच्या काळात परदेशातील जर्मन शाळांवरही पक्षाचा दाब आला. कित्येक ठिकाणी ज्यू शिक्षक आणि मुले बाहेर पडली, आणि युद्ध संपल्यावर अनेक देशांत या शाळांना टाळे लागले. 'आपली शाळा' हा शब्द उच्चारताना हे लक्षात असू द्यावे. युद्धानंतर ज्या शाळा पुन्हा उभ्या राहिल्या, त्यांनी हळूहळू दारे उघडली. आज या शाळांत शिकणारी बहुसंख्य मुले जर्मन नागरिक नाहीत, त्या त्या देशातली आहेत. अशा शाळेला ते लोक 'भेटीची शाळा' म्हणतात. तिथे जर्मनबरोबर स्थानिक भाषाही गंभीरपणे शिकविली जाते. मुंबईच्या शाळेतही पुढे इंग्रजी अभ्यासक्रमाची शाखा आली, आणि आता ती डीएसबी इंटरनॅशनल स्कूल या नावाने चालते. जी शाळा मी लहानपणी पाहिली ती आता तशी नाही. काहींना याचे दुःख वाटेल. मला वाटते, शाळा मुलांसाठी असते, मुले शाळेसाठी नसतात, आणि मुले बदलली की शाळेला बदलावे लागते. आमच्या शाळेत गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविण्याची सेमी इंग्रजी तुकडी काढावी, असे मी तीन वर्षे म्हणतो आहे. काही ज्येष्ठांना तो उर्दूचा घात वाटतो. मला ती उर्दू शाळा जगविण्याची तजवीज वाटते. अर्थात ते विषय इंग्रजीतून नीट शिकवू शकणारा शिक्षक मिळाला पाहिजे. नाहीतर पुन्हा स्पेलिंगे पाठ!

आता विद्यार्थी मित्रांसाठी थोडे. जर्मनीला हल्ली माणसे हवी आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठी व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. जाहिराती पाहून लगेच कोणा एजंटाच्या हाती पैसे देऊ नका. एवढेच समजून घ्या की, तिथे इंग्रजीवर भागत नाही. भाषेच्या पायऱ्या आहेत : ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा. परिचारिकेला तिथे पूर्ण मान्यता मिळविण्यासाठी साधारण बी-टू पायरी लागते.

माझी एक माजी विद्यार्थिनी परिचारिका आहे आणि सध्या ठाण्याला जर्मन शिकते. मागच्या रमजान ईदला ती भेटावयास आली. मी विचारले, कठीण जाते का? ती म्हणाली, "सर, वर्गात सगळे डेअर-डी-डास वर रडतात. मला ते कळले, कारण तुमचे तो-ती-ते." मी क्षणभर पाहतच राहिलो. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. इंग्रजीत नामाला असे लिंग चिकटलेले नसते, उर्दू-हिंदीत दोनच. मराठीत मात्र तीन! नपुंसकलिंग ही काय भानगड आहे हे तिला नव्याने शिकावे लागले नाही. कोणता शब्द कोणत्या लिंगाचा हे अर्थात पाठ करावेच लागते, जर्मनांचा चंद्र पुल्लिंगी आणि सूर्य स्त्रीलिंगी. पण तिने मला आणखी एक गंमत सांगितली. जर्मनमध्ये मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे, 'डास मेडशेन'. वर्गातली मुले म्हणाली, हे काय भलतेच! ही म्हणाली, भलतेच काय त्यात, मालवणीत मुलीला चेडू म्हणतात आणि तेही नपुंसकलिंगीच चालते. बारा वर्षे मी मराठी शिकवितो. आपण शिकविलेले व्याकरण कोणाच्या कधी काय कामी येईल, सांगता येत नाही. त्या दिवशी मी शाळेत शिरखुर्मा वाटला.

आणि आता ते राहिलेले. मी मघाशी म्हणालो, मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि ती डोंबिवलीतल्या एका इंग्रजी शाळेच्या बालवर्गात जाते. उर्दू शाळेतल्या मराठीच्या शिक्षकाची मुलगी! माझ्या पत्नीचे म्हणणे साधे आहे. ती स्वतः पदवीधर आहे, नोकरीसाठी मुलाखतींना गेली तेव्हा इंग्रजी न आल्यामुळे काय होते ते तिने भोगले आहे, मुलीला ते भोगू द्यावयाचे नाही. या म्हणण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. मी गप्प राहिलो आणि अर्जावर सही केली.

माझी आई रात्री नातीला गोष्टी सांगत असे. कोल्ह्याच्या, खाडीतल्या मगरीच्या, काळ्या तलावाच्या. काही दिवसांपूर्वी माझ्या लक्षात आले की गोष्टी बंद झाल्या आहेत. मी आईला कारण विचारले. ती म्हणाली, "ती मध्येच काहीतरी इंग्रजीत विचारते. मला कळत नाही. मग ती म्हणते, जाऊ दे दादी." एवढेच. आईच्या आवाजात तक्रार नव्हती. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. ब्रीच कँडीच्या फाटकावर "हे घरचे आहे" म्हणणारे माझे अब्बा शेजारच्या खोलीत घोरत होते.

येत्या जूनमध्ये ती पहिलीत जाईल. कोणत्या शाळेत, यावर घरात अजून एकमत नाही. दरम्यान आम्ही उभयतांनी एक ठरविले आहे आणि ते गेले चार महिने पाळतो आहोत. रात्री जेवणापासून झोपेपर्यंत घरात फक्त घरची बोली. शुक्रवारी आणि रविवारी मी तिच्याबरोबर उर्दूचा एक धडा वाचतो, शनिवारी मराठीचा. तिची आई इंग्रजीचे पुस्तक वाचते, पण वाचल्यावर ती गोष्ट दादीला आपल्या बोलीत सांगायची, ही अट. परवा तिने दादीला तीन अस्वलांची गोष्ट सांगितली. अस्वले पेज खात होती.

उर्दू शाळा असो, मराठी असो की इंग्रजी, मी तुम्हाला अमुक शाळेत घाला असे सांगण्यास आलो नाही. ज्याने स्वतःचे घर अजून सावरलेले नाही त्याने ते सांगूही नये. परंतु आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाची निवडणूक येत्या महिन्यात, चौथ्या रविवारी, सकाळी दहा वाजता आहे. मागील खेपेस सात जागांसाठी पाच अर्ज आले होते आणि दोघांना आम्ही चहाच्या टपरीवरून धरून आणले होते. या वेळी जागांपेक्षा अर्ज जास्त यावेत. सेमी इंग्रजी तुकडीचा विषय सभेपुढे ठेवला आहे. जे विरोधात आहेत त्यांनी तर जरूर यावे. येताना मुलाची कोणतीही एक वही आणा, मराठीची असली तर उत्तम. ती आपण दोघे बसून पाहू. आणि हो, दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गाचे छप्पर गळते, त्याविषयीही बोलावयाचे आहे.

खुदा हाफिज.